गुलमर्गला स्कीइंगला निघताय? हवामानाचा अंदाज वाचताना या चुका टाळा

फोनवर ढगाखाली दोन-तीन पांढरे ठिपके दिसले की ग्रुपवर ‘बर्फ नक्की!’ असा मेसेज पडतोच. एका फेब्रुवारीत तो मी टाकला होता. पोचलो तर घाटाच्या पायथ्याच्या तंगमर्गला पाऊस, गुलमर्गच्या मैदानात पायाखाली पचपच, आणि भाड्याच्या स्कीच्या तळाला ओल्या बर्फाचे गोळे चिकटलेले. वर अफरवत शिखरावर मात्र त्याच दिवशी मांडीभर भुसभुशीत बर्फ पडल्याचं दुसऱ्या दिवशी गाइडकडून कळलं. म्हणजे अंदाज बरोबर होता, मी भलत्याच उंचीचा वाचला होता.

अंदाज कुठल्या उंचीचा, हे न बघणं

गुलमर्गचं मैदान साधारण २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, ३,०८० मीटरच्या आसपास सोडतो. दुसरा अफरवतच्या खांद्यावर, ३,९५० च्याही वर. मैदानापासून तिथपर्यंतचा फरक तेराशे मीटर. सिंहगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची जवळपास तेवढीच आहे! आणि ॲप या सगळ्याला मिळून एकच आकडा देतं, ‘गुलमर्ग: २ अंश’.

तो आकडा उलगडायला कागद-पेन पुरतं. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. मैदानात अधिक २ असेल तर कोंगडोरीला उणे १ च्या जवळपास आणि अफरवतला उणे साडेसहा. म्हणजे खाली पाऊस किंवा गिचका, मध्ये जड बर्फ, वर पावडर, म्हणजे कोरडा भुसभुशीत बर्फ. अंदाजात ‘शून्य अंशाची पातळी’, म्हणजे तापमान शून्यावर येतं ती उंची, दिली असेल तर काम आणखी सोपं. बर्फ सहसा त्या पातळीच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत टिकतो, त्याखाली त्याचं पाणी होतं.

हे गणित निरभ्र रात्री मात्र फसतं. गुलमर्ग हा वाडग्यासारखा खोलगट भाग, त्यामुळे थंड हवा रात्रभर खाली साचून राहते. अशा सकाळी मैदानात कोंगडोरीपेक्षा जास्त गारठा असू शकतो. ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी गणित बऱ्यापैकी जुळतं.

दुसरी भानगड मॉडेलच्या चौकोनाची. अंदाज काढणारं संगणकाचं मॉडेल नकाशाचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची धरतं. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचा एक चौकोन सुमारे १३ किलोमीटरचा, युरोपीय मॉडेलचा ९ चा. भारतीय हवामान विभागाने २०२५ मध्ये आणलेलं मॉडेल ६ किलोमीटरचं आहे. चौकोन मोठा असेल तर त्यात दरी, मैदान आणि शिखर सगळ्यांची सरासरी होते आणि कडा घासून गुळगुळीत झालेला डोंगर उरतो. पुण्यात कोरडं आणि ताम्हिणीत धो धो, हे आपण दर जुलैत बघतोच. म्हणून ‘माउंटन’ अंदाज देणारी, पायथा-मध्य-माथा असे तीन रकाने असलेली साइट उघडा. नाहीतर नकाशावरची पिन हाताने अफरवतवर नेऊन ठेवा आणि ॲपने तिथली उंची किती धरली आहे तेही तपासा.

टक्के, मिलिमीटर आणि सेंटिमीटर यांची खिचडी

‘८० टक्के’ ही पडण्याची शक्यता झाली. किती पडणार, ते त्यात नसतं. ‘२० मिमी’ हे वितळलेल्या पाण्याचं माप आहे. ढोबळ हिशेबाने १ मिमी पाण्याचा १ सेंमी बर्फ. कडक थंडीत तो दीड-दोन सेंमीपर्यंत फुगतो आणि शून्याच्या आसपास एकापेक्षाही कमी भरतो. आणि ३० सेंमी ताजा पडला म्हणजे थर ३० सेंमीने वाढला असं नाही. बर्फ दिवसभरात स्वतःच्या वजनाने बसतो.

वाऱ्याचा रकाना सोडून देणं

मी आता तापमानाच्याही आधी वारा बघतो. जोरदार वाऱ्यात दुसरा टप्पा बंद राहतो, मग वर कितीही पावडर असो. शिवाय वारा एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला नेऊन टाकतो. वाऱ्याच्या तोंडावरचा उतार खरवडला जातो, आडोशाला जाड, टणक पाटी तयार होते. ‘नैर्ऋत्य वारा’ म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा. ही दिशा उलटी धरली की बर्फ साचलेली बाजूही उलटीच निघते. आणि बघायचा तो माथ्यावरचा वारा. मैदानातल्या झुळकीवरून काही ठरत नाही.

कॅलेंडरवर विसंबून तिकिटं काढणं

चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस. काश्मीरचा सगळ्यात कडाक्याचा काळ, पण थंडी म्हणजे बर्फ नव्हे. बर्फ आणतात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी प्रणाली, आणि ते आलेच नाहीत तर मैदान तपकिरीच राहतं. जानेवारी २०२४ चा बराचसा तसाच गेला. २०२५ मध्ये फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. विक्षोभ येतोय याची कुणकुण आठवडाभर आधी लागते, पण कुठे किती पडेल याचा अंदाज शेवटच्या तीन दिवसांतच विश्वासाजोगा होतो. दहाव्या दिवसाचे सेंटिमीटर बघून हॉटेल बदलू नका.

ऊन पडलं म्हणजे झालं, असं समजणं

मोठ्या बर्फवृष्टीनंतरची निळी सकाळ सगळ्यात मोहाची, आणि हिमस्खलनाच्या दृष्टीने वाईटांपैकी एक. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतवर दोन पोलिश स्कीअर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच एक रशियन स्कीअर हिमस्खलनात गेले. हवामानाचा अंदाज आकाशाबद्दल सांगतो, उताराच्या आतल्या थरांबद्दल नाही. त्यासाठी चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन वेगळं बघावं लागतं. स्की पेट्रोलने, म्हणजे उतारांवरच्या गस्ती पथकाने, दोरी लावली असेल तर पलीकडे जायचं नाही; तिथे तुमच्या ॲपचं मत विचारात घेत नाहीत.

अंदाज फसल्यासारखा वाटला तर

आधी वेळ तपासा. मॉडेलचे नकाशे बऱ्याचदा जागतिक वेळेत असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. हवामान विभागाची २४ तासांची नोंद सकाळी साडेआठला संपते, त्यामुळे रात्रीचा बर्फ दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर दिसतो. ४० सेंमी म्हणाले आणि स्कीखाली १० च लागले, तर रात्रीचा वारा बघा आणि आडोशाचा उतार शोधा. बर्फ पुरेसा आहे पण वर कडक पापुद्रा आहे, तर काल दुपारचं तापमान बघा: शून्याच्या वर गेलं असेल तर वितळून पुन्हा गोठलाय. अशा दिवशी गोंडोला उघडल्या उघडल्या पळण्यात अर्थ नसतो. उन्हाने पापुद्रा जरा मऊ होईपर्यंत कहवा प्या. पण मार्चमध्ये फार रेंगाळू नका, दुपारपर्यंत त्याचाच लगदा होतो.

आणि सगळी ॲप्स वेगवेगळं सांगत असतील तर तंगमर्गच्या जीपवाल्याला फोन करा. तिथून गुलमर्गपर्यंतच्या १३ किलोमीटरच्या घाटात चाकांना साखळ्या कुठल्या वळणापासून चढवल्या, एवढंच विचारा. आज बर्फाची रेषा कुठे आहे ते त्याच्या उत्तरात येतं.