स्लाइड लपवा, फळा मोकळा करा

पुण्यातल्या आमच्या कॉलेजात प्रोजेक्टरचा उजेड थेट पांढऱ्या फळ्यावरच पडतो. मधेच गणित सोडवून दाखवायचं तर अक्षरांवर अक्षरं. मग मी प्रोजेक्टर बंद करायचो. तो पुन्हा तापून सुरू होईपर्यंत मागच्या बाकांवर मोबाइल निघालेले असायचे.

उपाय कीबोर्डवरच आहे. पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना:

१. 'बी' दाबा, पडदा काळा. आता मार्करने खुशाल लिहा.
२. वर्गात अंधार वाटला तर 'डब्ल्यू' दाबा: फळाभर पांढरा उजेड. (साडेसातच्या लेक्चरला, पावसाळ्यात, मी हेच वापरतो.)
३. तेच बटण पुन्हा दाबलं की स्लाइड जिथल्या तिथे.

मागची आकृती हवी असेल तर बाण दाबत बसू नका. १४ टाइप करून एंटर मारा, थेट चौदावी स्लाइड येते. त्यासाठी महत्त्वाच्या स्लाइडचे नंबर मी हातावरच लिहून नेतो, विद्यार्थी हसतात ते सोडा. गूगल स्लाइड्समध्येही हीच बटणं चालतात.

फक्त कीबोर्ड मराठीवर असेल तर आधी इंग्रजीवर आणा. आणि पुन्हा स्लाइड लावण्याआधी फळा पुसा.