गोळीला ‘नको’ म्हणणारी वाडी

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्यानंतर आठवड्याभराने मी तालुक्यातल्या एका वाडीच्या शाळेत उभी होते, गळ्यात ओळखपत्र आणि हातात गोळ्यांची यादी घेऊन. पुण्यात मानवशास्त्रात एम.ए. झालेलं, प्रबंध वैद्यकीय मानवशास्त्रातला, म्हणजे आजार आणि उपचारांकडे लोक कसं बघतात याचा. मदतकार्य करणाऱ्या एका संस्थेने ‘समुदाय समन्वयक’ म्हणून घेतलं होतं. या मुलीकडून नेमकं काय काम करून घ्यायचं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. मानवशास्त्र शिकून आपत्तीतल्या मदतकार्यात यायचं म्हणणाऱ्या मुलामुलींचे आता फोन येतात, तेव्हा मी अभ्यासक्रमांची नावं सांगण्याआधी ही वाडी सांगते.

गोळी होती डॉक्सिसायक्लिन, एक प्रतिजैविक. पुरानंतर कोकणात धास्ती असते ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतला जंतू चिखलपाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतो. पाणी ओसरल्यावर घरं धुवायला अनवाणी उतरतात बहुतेक बायकाच. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, एवढंच. पुरुषांनी घेतल्या. बायका मात्र रांगेत यायच्या, पुढे सरकायच्या आणि टेबलापाशी आल्या की ‘नको’.

पथकातल्या एकाने वहीत लिहून टाकलं: अंधश्रद्धा. मला आतून बरंच वाटलं, हे आज कबूल करते. चला, आता आपलं काम सुरू! ग्रामदेवतेचा कोप, कौल, राखणदार, सगळं पुस्तक डोक्यात नाचायला लागलं. दीड दिवस मी देवळाभोवती घालवला. गुरवाने माझे प्रश्न शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “देवाचं काय त्यात? मी घेतली की गोळी.”

उत्तर मिळालं ते शाळेच्या मागे, चुलीपाशी. तांदूळ निवडणाऱ्या एका आजीने माझ्याकडे न बघताच सांगितलं, “बाय गो, तुमचा तो पोरगा सगळ्यांसमोर विचारतो, पाळी चुकली काय म्हणून.”

गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत, त्यामुळे प्रश्न बरोबरच होता. पण तो विचारला जात होता रांगेत, मागे सासू, पुढे दीर, बाजूला शेजारची. वाडीतल्या एका नव्या सुनेला दिवस गेले होते आणि घरात अजून सांगितलेलं नव्हतं. एकटीने ‘नको’ म्हटलं तर सगळ्यांना कळणार, घेतली तर पोटातल्या जिवाला धोका. मग बायकांनी आपसात ठरवलं, कोणीच घ्यायची नाही. सगळ्याच नको म्हणाल्या की एकीकडे बोट दाखवणार कोण? ज्याला आम्ही अंधश्रद्धा म्हणत होतो, तो एका मुलीला पाठीशी घालण्यासाठी रचलेला चोख बेत होता.

उपाय अगदी साधा निघाला. रांग बंद केली. आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, संध्याकाळी मागच्या दारांनी फिरल्या, प्रश्न कानात विचारला, ज्यांना गोळी चालत नव्हती त्यांना गाजावाजा न करता डॉक्टरांकडे पाठवलं. दोन संध्याकाळींत काम झालं. मी केलं काय? पथकप्रमुख डॉक्टरांना एक पानभर लिहून दिलं.

म्हणून नवख्यांना पहिली सूचना: संस्कृती शोधायला धावू नका. आधी संडास बघा, जेवण किती वाजता येतं ते बघा, कपडे बदलायला आडोसा आहे का ते बघा. आपत्तीतल्या छावण्यांसाठी जगभर वापरतात ती स्फिअरची मानकं माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि २० जणांमागे एक संडास सांगतात. शाळेच्या दोन संडासांवर दीडशे माणसं असतील तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि चौथ्या दिवशी लघवीला जळजळ म्हणून येतात. ‘पाणी पिण्याबाबत जागृती हवी’ असं अहवालात लिहिणारे मी पाहिलेत. चीड येते.

तरीही संस्कृती नसतेच असं नाही. आमचा वाटपाचा वार होता सोमवार आणि ९ ऑगस्टला, सोमवारीच, श्रावण लागला. डॉक्सिसायक्लिन रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. उपास सोडायला लावणं हा एक मार्ग, वार बदलणं हा दुसरा. डॉक्टरांना पहिला सुचला होता. आम्ही बुधवार केला.

पुस्तकांकडे येऊ. आर्थर क्लाइनमन हा मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ. रुग्णाला स्वतःच्या आजाराबद्दल काय वाटतं हे समजून घेण्यासाठी त्याने काही प्रश्न सुचवले: हे कशामुळे झालं असं वाटतं, आत्ताच का सुरू झालं, याची सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. प्रश्न उत्तम, पण जसेच्या तसे विचारले तर आपल्याकडे लोक परीक्षेला बसल्यासारखे गप्प होतात. ‘तुम्हाला काय वाटतं?’ला उत्तर येतं, “आम्हाला काय कळतंय, तुम्ही डॉक्टर.” ‘तुमच्या वाडीत याला काय म्हणतात?’ असं विचारलं की तासभर गप्पा होतात.

२००० साली युगांडातल्या गुलू भागात इबोला पसरला, तेव्हा बॅरी ह्युलेट हा मानवशास्त्रज्ञ तिथे गेला. अचोली लोकांकडे मोठ्या साथीसाठी स्वतःचेच नियम होते: आजाऱ्याला वेगळं ठेवायचं, घरासमोर खूण म्हणून उंच गवताचे दांडे रोवायचे, शुश्रूषा आजारातून उठलेल्याने करायची. आरोग्य खात्याला हवं होतं त्यातलं बरंचसं लोकांना आधीच ठाऊक होतं. उलट २०१४ला पश्चिम आफ्रिकेत प्रेतं पिशवीत घालून घाईने नेली जाऊ लागली आणि लोक आजारी माणसंच लपवायला लागले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची नवी पद्धत दिली. घरच्यांना जागा, प्रार्थना, कपडे यांत सहभागी करून घ्यायचं, हे त्यात होतं.

हे वाचून आफ्रिका लांब आहे असं वाटलं, तर तळिये आठवा, इर्शाळवाडी आठवा. दोन्ही ठिकाणी दरडीखालची काही माणसं शेवटपर्यंत सापडली नाहीत आणि शोध थांबवावा लागला. अशा वेळी ‘प्रेतांमुळे रोगराई पसरेल’ हे वाक्य कोणीतरी बोलतंच. भूकंप, दरड, पूर अशा आपत्तीत जखमांनी किंवा बुडून गेलेल्यांच्या मृतदेहांमुळे सहसा साथ येत नाही. येते ती दूषित पाण्यामुळे, दाटीमुळे. त्यामुळे ओळख पटवायला आणि निरोप द्यायला वेळ देता येतो, हे अधिकाऱ्यांना शांतपणे सांगण्याइतका अभ्यास तुमच्याकडे हवा. ज्यांना देहच मिळाला नाही, त्यांच्यासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करून केला जाणारा पालाशविधी आहे. तो कधी करायचा, बेपत्ता माणसाचा मृत्यूदाखला कधी मिळणार (एरवी सात वर्षं थांबावं लागतं), हे प्रश्न समुपदेशकाच्या आधी तुमच्याकडे येतील. उत्तर तहसील कचेरीत असतं. तिथे जाणं हेही तुमचंच काम.

शिक्षणाचं थोडक्यात. पुणे विद्यापीठात मानवशास्त्र आहे, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्य आणि आपत्ती अभ्यास दोन्ही आहेत. काहीही घ्या, पण साथरोगशास्त्राची तोंडओळख करून घ्याच. हल्ल्याचा दर (साथीत शंभरातले किती जण आजारी पडले ते) म्हणजे काय हे कळत नसेल तर डॉक्टर तुम्हाला चहापुरतं बैठकीत बसवतील. आणि लिहिणं बदला. प्रबंधाला मला दीड वर्ष लागलं होतं, छावणीत संध्याकाळी सहापर्यंत मुदत असते. माझं पहिलं टिपण चार पानांचं होतं. डॉक्टरांनी उलटंपालटं करून विचारलं, “उद्या सकाळी काय वेगळं करू, तेवढं सांग.” राग आला होता. आता प्रत्येक टिपणाची पहिली ओळ तीच असते.

त्या आशाताईंशी अजून बोलणं होतं. यंदा मे महिन्यात त्यांचा फोन आला. पूर आलाच तर वाटपाचा वार आत्ताच ठरवून ठेवू म्हणत कॅलेंडर घेऊन बसल्या होत्या. सोमवार गेला, मंगळवार गेला, गुरुवार, शुक्रवार, शनिवार गेला. “बुधवार ठीक आहे मॅडम,” त्या म्हणाल्या, “पण एका बुधवारी संकष्टी येते. त्या दिवशी चंद्र उगवल्यावर जाते घरोघर, चालेल ना?”