साताऱ्यातून पक्ष्यांचे 'महावर्ष'

१ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात अनेक देशांतील जास्तीत जास्त पक्षीजाती नोंदवायच्या असतील, म्हणजेच 'महावर्ष' करायचे असेल, तर आधी कोणत्या जाती वेगळ्या मोजायच्या हे सांगणारी प्रमाणयादी एकच ठरवावी. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाची जातिसूची दरवर्षी सुधारली जाते आणि वर्षाअखेरीस आकडा त्यामुळे बदलू शकतो. अमेरिकी पक्षीनिरीक्षक नोआ स्ट्रायकर यांनी २०१५ मध्ये ४१ देशांत ६,०४२ जाती पाहिल्या; नोकरी सांभाळणाऱ्याने तो आकडा मनातही आणू नये.

सुरुवात घराजवळ करावी. जानेवारीत मायणी किंवा येरळवाडीच्या तलावावर पहाटे, धुके विरण्यापूर्वी पोहोचावे. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे पट्टकादंब दिसल्यास हिमालय ओलांडून आलेला पाहुणा यादीत येतो. मात्र घाईने पाण्याकडे चालत गेल्यास अख्खा थवा उठतो, आणि नोंद राहते ती फक्त पाठमोऱ्या पंखांची.

फेब्रुवारी उलटण्यापूर्वी भूतानमधील फोबजिखा खोऱ्यात काळ्या मानेचे क्रौंच पाहावेत. तेथे भारतीयांना मतदार ओळखपत्र चालते, परंतु प्रतिरात्री १,२०० रुपये शुल्क पडते, म्हणून मुक्काम मोजूनच ठरवावेत. श्रीलंकेच्या सिंहराजा अरण्यासाठी स्थानिक वाटाड्या घ्यावा. तेथे मिश्र थव्यांत एकाच झाडावर अनेक जाती येतात. दुर्बीण ८ × ४२ (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मि.मी. भिंगाची) पुरेशी आहे. जळवांपासून बचावासाठी मोजे विसरू नयेत.