व्हॅलोरंट: पीसीवरचे रुपये आणि राउंडमधले क्रेडिट वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

रायट गेम्सचा व्हॅलोरंट हा पाच विरुद्ध पाच गोळीबाराचा पीसी गेम २ जून २०२० रोजी आला, तेव्हापासून फुकट आहे आणि मशीनकडून त्याच्या अपेक्षाही बेताच्याच राहिल्या आहेत. सुरुवातीला जाहीर केलेल्या यादीत सेकंदाला ३० फ्रेमसाठी (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र) प्रोसेसरच्या अंगचं इंटेल एचडी ४००० ग्राफिक्सही चालत होतं. १४४ फ्रेमसाठी आय-५ ९४००एफ प्रोसेसर आणि जीटीएक्स १०५० टीआय कार्ड अशी शिफारस होती. तरीही फ्रेम पडल्या की नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आणि राउंड हरला की हातात असतील ते सगळे क्रेडिट (बंदुका घ्यायचे गेममधले पैसे) उडवायचे, हेच सर्रास चालतं. दोन्हीकडे खोड एकच: अडलंय कुठे ते न बघता खर्च.

कार्ड बदलण्याआधी पाच मिनिटांची चाचणी

व्हॅलोरंट बहुतेक वेळा प्रोसेसरवर अडतो, कार्डवर नाही. तुमच्या मशीनचं काय, ते तपासणं सोपं आहे. प्रॅक्टिस रेंजमध्ये जा, व्हिडिओ सेटिंगमधल्या स्टॅट्स टॅबमधून फ्रेमचा आकडा पडद्यावर आणा. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद ठेवा. आधी १९२०×१०८० वर आकडा बघा, मग रिझोल्यूशन १२८०×७२० करा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. १६० च्या जागी १६५ झाल्या, तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय आणि महागडं कार्ड घातलं तरी आकडा तिथेच राहणार. अशा वेळी ग्राफिक्स क्वालिटी 'लो' करूनही फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा 'मल्टिथ्रेडेड रेंडरिंग' चालू आहे ना ते बघा आणि मागे उघडे राहिलेले ब्राउझरचे टॅब बंद करा.

दुसरा संशयित रॅम. १६ जीबीची एकच पट्टी लावलेली मशिन्स दुकानातून सर्रास बाहेर पडतात. एक पट्टी म्हणजे सिंगल चॅनेल, आणि रायझन ५ ५६००जी सारख्या अंगच्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या प्रोसेसरला त्याचा फटका सगळ्यात जास्त बसतो, कारण तिथे ग्राफिक्सची मेमरीही हीच रॅम असते. ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. मदरबोर्डवर चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. मग टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी असं जाऊन वेग बघा. ३२०० ची रॅम तिथे २१३३ किंवा २४०० दाखवत असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलेलं नाही. त्याला एक पैसा लागत नाही.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच

मॉनिटर नवा, बॉक्सवर १४४, पण विंडोज मात्र निमूटपणे ६० वर चालतंय, हा प्रकार वाटतो त्याहून खूप जास्त घरांत सापडतो. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती चित्रं दाखवतो तो आकडा) हाताने निवडावा लागतो. ६० वर एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, १४४ वर ६.९. कोपऱ्यातून डोकावणारा शत्रू दिसण्यात जो फरक पडतो, तो हा.

यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल बघा. जुन्या एचडीएमआय १.४ वर १०८० ला १२० पर्यंतच मजल जाते. डिस्प्लेपोर्टची केबल लावा. केबल लावताना ती मदरबोर्डच्या पोर्टला नाही, खाली आडव्या बसलेल्या ग्राफिक्स कार्डच्या पोर्टला जायला हवी. हे वाचून हसू येईल, पण कार्ड घेऊनही अंगच्या ग्राफिक्सवर महिनोन्महिने खेळणारे लोक आहेत.

जुन्या बाजारातलं कार्ड

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन जाहिरातीतून वापरलेलं कार्ड घेताना नावावर जाऊ नका. जीटी ७३० या एकाच नावाखाली ६४ बिट डीडीआर३, १२८ बिट डीडीआर३ आणि जीडीडीआर५ अशी वेगवेगळी कार्डं विकली गेली आणि त्यांच्या ताकदीत मोठी तफावत आहे. याहून वाईट म्हणजे बायोस बदलून जुन्याच चिपला १०५० टीआयचं नाव चिकटवलेली कार्डं. विक्रेत्यासमोरच जीपीयू-झेड हे कार्डची माहिती दाखवणारं साधन उघडा. एनव्हिडियाची अशी बनावट कार्डं ते बहुतेक वेळा ओळखतं आणि नावाआधी 'फेक' असं दाखवतं. त्यानंतर गेम किमान पंधरा-वीस मिनिटं चालवून बघा. पहिल्या दोन मिनिटांत चांगलं चालणारं कार्ड तापल्यावर पडद्यावर रंगीत ठिपके दाखवू शकतं.

जुन्या झिऑन प्रोसेसरचे स्वस्त चिनी संचही मोहात पाडतात. त्यात कोअर भरपूर मिळतात, पण प्रत्येक कोअरचा वेग कमी, आणि या गेमला हवा असतो तो नेमका वेग. शिवाय अशा बोर्डांवर खाली सांगितलेल्या व्हॅन ९००१ आणि ९००३ च्या अडचणीची शक्यता जास्त.

व्हॅन ९००१ आणि ९००३: घाईत बायोसला हात लावू नका

विंडोज ११ वर रायटची व्हॅनगार्ड ही चीटिंगविरोधी प्रणाली टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षा-चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणाली सुरू होऊ देणारं सेटिंग) मागते. ते नसेल तर व्हॅन ९००१ किंवा ९००३ असा संदेश येतो. व्हिडिओ बघून लोक थेट बायोसमध्ये शिरतात, 'सीएसएम' (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय) बंद करतात आणि मशीन सुरूच होत नाही. कारण साधं आहे: विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर बसवलेलं असतं आणि सीएसएम बंद झालं की बोर्ड त्या डिस्कवरून सुरू होऊ शकत नाही. असं झालंच तर घाबरू नका, सीएसएम परत चालू करा, विंडोज उघडेल.

योग्य क्रम असा. आधी विंडोजच्या शोधपट्टीत 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' उघडून बायोस मोड बघा. 'लेगसी' असेल तर महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घ्या आणि विंडोजसोबतच येणारं, डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून चालवा. आधी 'व्हॅलिडेट', ते निर्धोक झालं तरच 'कन्व्हर्ट'. चालू विंडोजमधून करताना 'अलाऊ फुल ओएस' हा जोड पर्यायही द्यावा लागतो. मग बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद, इंटेलवर पीटीटी किंवा एएमडीवर एफटीपीएम (टीपीएमचीच त्या त्या कंपनीची नावं) चालू, आणि शेवटी सिक्युअर बूट. सिक्युअर बूट 'एनेबल्ड' असूनही सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये 'ऑफ' दिसत असेल तर की मॅनेजमेंटमध्ये जाऊन फॅक्टरी कीज पुन्हा बसवाव्या लागतात. लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की या सगळ्याच्या आधी लिहून ठेवा. टीपीएममध्ये बदल झाला की विंडोज ती मागतं, आणि ती नसेल तर डिस्कवरचा मजकूर गेलाच.

लॅपटॉप, उन्हाळा आणि वीज

पहिला सामना झकास, तिसऱ्या सामन्यात अर्ध्या फ्रेम: हे तापण्याचं लक्षण आहे. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असताना गादीवर ठेवलेला लॅपटॉप दुसरं काय करणार? मागची बाजू दोन बोटं उचला, पंख्याच्या जाळीतली धूळ काढा, चार्जर लावूनच खेळा. पडदा १४४ चा असेल तर फ्रेमची मर्यादाही १४० च्या आसपास ठेवा. २२० फ्रेम काढून तो पडदा त्या दाखवू शकत नाही, उष्णता मात्र वाढते.

वीज जाते तिथे यूपीएस पीसीला लावतात आणि राउटर विसरतात. मशीन चालू, नेट गेलं, सामना सुटला आणि दंड बसला. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून बघा.

पिंगच्या नावाने ओरड

मुंबईला सर्व्हर आहे, त्यामुळे महाराष्ट्रातून खेळणाऱ्याचं पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) फारसं जास्त असायला नको. ते जास्त असेल तर आधी लॉबीत सर्व्हरची यादी बघा. सिंगापूरवरही खूण राहिलेली असते आणि सामना तिकडे लागतो. पिंग सरासरी ३० पण मधूनच १८० वर उडत असेल, तर नेटचा प्लॅन वाढवून काही होत नाही, कारण खोट बहुधा वायफायची असते. कॅट ५ई ची तार ओढा. तार शक्यच नसेल तर निदान राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडा. स्टॅट्समध्ये पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) शून्य दिसला पाहिजे. तारेवरही तो दिसत राहिला तर तक्रार इंटरनेटवाल्याकडे, आकड्याच्या स्क्रीनशॉटसह.

माउसबद्दल थोडक्यात: डीपीआय (माउस इंचभर सरकल्यावर मोजले जाणारे ठिपके) गुणिले गेममधली सेन्सिटिव्हिटी हा आकडा २०० ते ४०० च्या दरम्यान ठेवा. ८०० डीपीआय आणि ०.३५ म्हणजे २८०. यात पूर्ण गिरकीला माउस साधारण ४७ सेंटिमीटर सरकवावा लागतो, म्हणून छोट्या पॅडवर हे जमत नाही. १६०० डीपीआयवर सेन्सिटिव्हिटी १ ठेवली तर तीच गिरकी ८ सेंटिमीटरमध्ये होते, मग डोक्यावर नेम टिकणार कसा? काउंटर-स्ट्राइकवरून येणाऱ्यांनी तिथली सेन्सिटिव्हिटी ३.१८ ने भागावी.

दुसरा राउंड: इथेच सामना घसरतो

आता बंदुका. पहिला, म्हणजे पिस्तूल राउंड हरलात, खिशात २०० उरलेत आणि हरल्याचे १९०० मिळाले. एकूण २१००. चेव येतो आणि १६०० ची स्पेक्टर बंदूक, ४०० चं हलकं शील्ड (चिलखत) घेतलं जातं. समोरच्या टीमकडे जास्त पैसा आहे, राउंड बहुधा जातोच. सलग दुसऱ्या पराभवाचे २४०० मिळून हातात २५००. तिसऱ्या राउंडलाही रायफल नाही.

तेच २१०० पैकी फक्त ५०० ची घोस्ट पिस्तूल घेतली तर १६०० उरतात. त्यात २४०० मिळवले की ४०००. व्हँडल किंवा फँटम रायफल २९००, जड शील्ड १०००, झाले ३९००. एखादा किल मिळाला तर वर २०० आणि स्पाइक (अटॅक करणाऱ्यांचा बॉम्ब) लावला तर ३००, म्हणजे ॲबिलिटीचीही (स्मोकसारख्या खास करामतींची) सोय. खरेदीच्या पडद्यावर पुढच्या राउंडला किमान किती क्रेडिट असतील ते लिहिलेलंच असतं. तो आकडा ३९०० च्या खाली जाऊ लागला की हात आवरा. आणि हे पाचही जणांनी एकत्र करायचं असतं. तिघांनी सेव्ह (बचत) आणि दोघांनी फोर्स (पैसे कमी असूनही खरेदी) केलं, तर दोन्ही राउंड वाया जातात.

अटॅक करताना अनेकांच्या ध्यानात न येणारी एक गोष्ट: स्पाइक न लावता राउंड हरलात आणि तुम्ही जिवंत राहिलात, तर नेहमीच्या १९०० ते २९०० ऐवजी १००० च मिळतात. व्हँडल वाचवण्यासाठी लपून बसणं म्हणूनच दरवेळी फायद्याचं नसतं. ऑपरेटर ही महागडी स्नायपर हातात असेल तर गोष्ट वेगळी.

व्हँडल की फँटम

हा वाद चवीचा नाही, अंतराचा आहे. जड शील्डसह शत्रूचे १५० हेल्थ असतात. व्हँडलची डोक्यातली गोळी कितीही लांबून १६० चं नुकसान करते, विषय संपला. फँटम १५ मीटरच्या आत १५६ देतो, पण त्यापुढे १४०. शत्रू १० हेल्थवर जिवंत राहतो आणि तुम्ही चॅटमध्ये '१४०' लिहून नशिबाला दोष देता. ३० मीटरपुढे तर १२४, म्हणजे हलक्या शील्डचे १२५ हेल्थ असलेला शत्रूसुद्धा एका हेल्थवर वाचतो.

जवळ मात्र चित्र उलटं. फँटम सेकंदाला ११ गोळ्या सोडतो, व्हँडल ९.७५. अंगावरच्या चार गोळ्यांना फँटम ०.२७ सेकंद घेतो, व्हँडल ०.३१. पेटीत ३० विरुद्ध २५ गोळ्या, शिवाय फँटमच्या गोळ्यांची रेघ शत्रूला दिसत नाही, त्यामुळे स्मोकमधून (धुराच्या पडद्यातून) मारायला तोच बरा. तेव्हा अरुंद कोपरा धरणाऱ्याने फँटम घ्यावा, लांब गल्लीवर डोळा ठेवणाऱ्याने व्हँडल. सवयीने एकच घेत राहणं आणि त्याच बंदुकीने नको त्या अंतरावर लढणं ही चूक आहे.

शेरिफचंही असंच. ८०० ची ही पिस्तूल ३० मीटरच्या आत डोक्याला १५९ देते, जड शील्डवालाही जातो. त्यापुढे १४५, म्हणजे तो वाचतो. मार्शल ही स्नायपर अंगावर १०१ देते, म्हणून शील्ड नसलेल्यांवर ती स्वस्तात काम करते. आउटलॉ स्नायपरची अंगावरची १४० ची गोळी हलक्या शील्डपर्यंत पुरते. ऑपरेटर अंगावर १५० देतो, पण ४७०० मोजून पाय दिसताहेत म्हणून पायावर झाडली तर १२० च. ओडिन, जज वगैरे बंदुकांचे दिवस असतात, रोजच्या खरेदीत त्यांना जागा नाही.

राहिला बारावा राउंड. पुढच्या हाफला सगळ्यांचे क्रेडिट पुन्हा ८०० वर येतात, त्यामुळे या राउंडला शिल्लक ठेवलेला प्रत्येक क्रेडिट मातीत जातो. २००० असतील तर २००० उडवा, ९००० असतील तर मित्राला रायफल घेऊन द्या. समोरच्यांनी बारा राउंड जिंकले असतील तेव्हाही तसंच, कारण हा राउंड गेला की सामनाच संपला. ओव्हरटाइममध्ये प्रत्येक राउंडला ५००० मिळतात, तिथे बचतीचा प्रश्नच नाही.