गावाने मिळून फळझाडे लावताना: आधी मे महिन्याचे पाणी मोजा

खान्देशात लावलेली बहुतेक रोपे पावसाळा काढतात आणि एप्रिल-मेमध्ये, पारा 45 अंशांच्या आसपास गेला की वाळतात. म्हणून किती रोपे लावायची हे मे महिन्यातल्या पाण्यावर ठरवा. पहिली दोन वर्षे फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत दर रोपाला आठवड्याला 10 लिटर धरा. 200 रोपांना आठवड्याला 2,000 लिटर लागतात, एवढे गाव जमवू शकते. 1,000 रोपांचे 10,000 लिटर बहुतेक गावांना झेपत नाहीत. 200 जगवा, ती दोन वर्षांची झाली की आणखी 200 लावा.

जागा गायरानाची असो वा सामूहिक वनहक्काची (वनहक्क कायद्याने गावाला मिळालेली), ग्रामसभेचा ठराव आधी करा. त्यात चराईबंदी, दंड आणि फळांची वाटणी तिन्ही लिहून घ्या. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतःच्या नियमाने पाळून जंगल परत आणले. नुसत्या तारेच्या कुंपणाने ते होत नाही.

झाडे निवडताना कोणत्या महिन्यात काय खायला मिळेल ते पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, एप्रिल-मेमध्ये चारोळी, मग आंबा आणि जांभूळ, दसरा-दिवाळीला सीताफळ, हिवाळ्यात आवळा आणि बोर, फेब्रुवारी-मार्चला चिंच. जुलै-ऑगस्ट मात्र रिकामा राहतो, आणि घरातले धान्यही तेव्हाच सरत आलेले असते. त्यासाठी शेवगा लावाच: त्याचा पाला पावसाळ्यात मिळतो आणि शेंगा बहुधा वर्षभरातच सुरू होतात. कैऱ्यांचा आमचूरही याच दिवसांसाठी ठेवता येतो. नंदुरबारमधल्या धडगावकडे तो घरोघरी होतो.

मुरमाड उतारावर सीताफळ, बोर आणि कवठ, नाल्याकाठी जांभूळ, खोल जमिनीत आंबा आणि चिंच. पाणी साचणाऱ्या चिबड जागेत सीताफळ लावू नका, मुळे कुजतात. अंतर सीताफळाला 5 मीटर, बोर-आवळ्याला 6 ते 7, आंबा, चिंच आणि जांभळाला 10. आवळ्याची एकच जात लावली तर फळधारणा फार कमी होते; कृष्णा, कांचन, एनए-7 यांतल्या किमान दोन मिसळा. मोह आणि जांभळाचे बी काही दिवसांतच उगवणशक्ती गमावते, म्हणून फळ पिकताच ताजे बी पेरा. बोराचे सोटमूळ दुखावले की रोप रुसते. गावठी बोराचे बी जागेवरच लावून पुढे त्यावर डोळा भरणे (चांगल्या जातीचा डोळा बसवून कलम करणे) उत्तम.

खड्डे मेमध्येच 60 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल काढून तापू द्या. उतारावर त्यांच्या वरच्या अंगाला समतल चर (उताराला आडवा, एकाच पातळीतला) घ्या. भरताना वरची माती, दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड घाला. कच्च्या शेणाने वाळवी आणि मुळे खाणारी हुमणी अळी येते. भराव जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा. काळी माती खाली बसते, आणि सपाट भरलेल्या खड्ड्यात पुढे पाणी साचते. दोन चांगले पाऊस झाल्यावरच लावा. पिशवी फाडून काढा, तळाशी गुंडाळलेली मुळे कापा, कलमाचा जोड जमिनीच्या वर राहू द्या. जोडाखालचे फुटवे दर महिन्याला काढत राहा. नाहीतर खालचे गावठी झाड वाढते आणि कलम मरते.

ऑक्टोबरमध्ये आळ्यात पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे) तुकडे किंवा केळीची वाळलेली पाने 10 सेंटिमीटर जाड पसरा, खोडापासून चार बोटे दूर. वाळवी दिसली तर थर बाजूला सारा. रोपापासून हातभर अंतरावर मातीचा मटका गळ्यापर्यंत पुरून भरत राहिलात तर पाणी थेट मुळाशी झिरपते. खारट पाण्याने त्याची छिद्रे बुजतात. झिरपणे मंदावले की घासा किंवा बदला.

शेळ्यांसाठी प्रत्येक रोपाभोवती बोरी-बाभळीच्या फांद्या लावा. सीताफळाचा पाला जनावरे सहसा तोंडात घेत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या दोन ओळी त्याच्याच ठेवा. सातपुड्याच्या पायथ्याला मोठा धोका वणव्याचा असतो: दिवाळीनंतर गवत कापून वाटून घ्या, भोवती 3 मीटरची जाळरेषा फेब्रुवारीआधी साफ करा. मेलेल्या रोपांच्या जागी पुढच्या जूनमध्ये नांग्या भरा, पण आधी एखादे उपटून मूळ पाहा. वाळवी, कुज की तहान हे कळल्याशिवाय तिथे दुसरे रोप लावू नका.