इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवर पहिल्यांदा जाताना

जळगावला पीएच.डी. करताना मी तीनदा इंदूरला गेले, आरआरकॅट या सरकारी संशोधन केंद्रातल्या इंडस-2 वर, म्हणजे क्ष-किरण तयार करणाऱ्या मोठ्या यंत्रावर (सिंक्रोट्रॉनवर) प्रयोग करायला. आपल्या खानदेशातल्या मुलामुलींना ही जागा फार लांबची वाटते. धुळ्याहून गाडी धरायची. शिरपूर, पळासनेर, बिजासनचा घाट, सेंधवा, खलघाटला नर्मदा ओलांडली की माळवा आलाच. पल्ला एका रात्रीचा आहे. म्हणून गाईडने नाव काढलं की बिचकू नका, अर्ज करा.

तिथे काय आहे? 172.5 मीटर परिघाचं एक कडं आहे. त्यात 2.5 जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात. चुंबकाने त्यांना वळवलं की वळणावर क्ष-किरण निसटतात, आणि कड्याभोवती जागोजाग बसवलेल्या बीमलाइनी ते किरण उचलतात. प्रत्येक बीमलाइनच्या टोकाला शिशाने मढवलेली खोली असते, तिला सगळे हच म्हणतात. तुमचा नमुना त्या खोलीत, तुम्ही बाहेर कॉम्प्युटरसमोर. दार लावण्याआधी आत कुणी नाही हे बघून सर्चचं बटण दाबावं लागतं. ती पायरी चुकली तर शटर उघडतच नाही.

नवखी मुलं विचारतात, "ताई, कोणती बीमलाइन चांगली?" हा प्रश्नच मला पटत नाही. आधी आपल्याला काय कळून घ्यायचंय ते एका वाक्यात लिहा, बीमलाइन त्यातून आपोआप ठरते. स्फटिकाची रचना हवी तर एडीएक्सआरडी (क्ष-किरण कोणत्या कोनांत वळतात ते मोजणं), म्हणजे बीएल-12; बीएल म्हणजे बीमलाइन. मातीत किंवा पानात कोणतं मूलद्रव्य कुठे साठलंय ते पाहायचं तर बीएल-16 ची फ्लुओरेसन्स. न फोडता वस्तूच्या आतलं चित्र हवं तर बीएल-4 ची इमेजिंग. प्रथिनाच्या स्फटिकांसाठी बीएल-21. आणि एखाद्या अणूच्या शेजारी कोण, किती अंतरावर बसलंय हे विचारायचं असेल तर एक्झॅफ्स, बीएल-9.

माझा प्रश्न झिंक फेराइटचा, म्हणजे जस्त आणि लोहाच्या ऑक्साइडचा होता. यात जस्ताचा अणू सहसा चार ऑक्सिजनच्या घरात राहतो. कण नॅनो झाले की काही जस्त सहा ऑक्सिजनच्या घरात सरकतं, आणि पदार्थाचं चुंबकत्व बदलतं. आमच्या डिपार्टमेंटच्या एक्सआरडीवर, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहायच्या यंत्रावर, हे नीट दिसेना, कारण लोहाचा अणुक्रमांक 26 आणि जस्ताचा 30. क्ष-किरणांना दोघं जवळपास सारखेच भासतात. एक्झॅफ्समध्ये मात्र ऊर्जा जस्ताच्या कडेवर (जिथे जस्त एकदम जास्त किरण शोषायला लागतं), 9.66 केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) आसपास नेली की फक्त जस्त बोलतं. प्रस्तावात मी एवढंच लिहिलं होतं, आणि तेवढंच लिहायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

आता गोळीबद्दल, कारण पहिल्या फेरीत माझा अर्धा दिवस तिच्यापायी गेला. एक्झॅफ्सला पावडर सेल्युलोज किंवा बोरॉन नायट्राइडमध्ये मिसळून, दाबून, नाण्यासारखी गोळी करतात. एक्सआरडीला भरपूर पावडर लागते, त्याच सवयीने मी 100 मिलिग्रॅम फेराइट घातलं. हचचं दार लागलं, शटर उघडलं, नमुन्याआधीच्या आयन चेंबरमध्ये (किरण मोजणाऱ्या डबीत) सिग्नल छान, आणि नमुन्यामागच्या चेंबरमध्ये जवळजवळ शून्य. गोळीने सगळे किरण गिळले होते. बीमलाइनवरच्या सरांनी कागदावर हिशेब करून दाखवला: 13 मिलिमीटरच्या गोळीला फेराइट जेमतेम 20 मिलिग्रॅम पुरतं, बाकी सगळं सेल्युलोज. कारण अडवणारं एकटं जस्त नसतं, त्याच्या दुपटीने असलेलं लोहही तितक्याच जोरात किरण शोषतं.

तिथेच अगेटच्या खलात पुन्हा घोटायला बसले. भाकरीचं पीठ मळताना गाठ राहिली की भाकरी तिथेच फाटते, तसं या पावडरीचं आहे. एक जाड कण राहिला तरी आलेख दबतो. पाऊण तास घोटलं. गोळी खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहिली, भोक किंवा काळा ठिपका दिसला तर परत. चौथी गोळी जमली.

म्हणून घरूनच प्रत्येक नमुन्याच्या तीन गोळ्या करून न्या, वेगवेगळ्या वजनाच्या, डबीवर पक्क्या शाईने नंबर टाकून. जस्ताची पातळ फॉइल तिथे असते, ऊर्जा जुळवायला तिचा आलेख आधी घ्या. झिंक ऑक्साइडसारखा ओळखीचा पदार्थही मोजा, नाहीतर परत आल्यावर तुलना कशाशी करणार? प्रत्येक नमुन्याचे निदान तीन स्कॅन घ्या. मध्ये बीमचा करंट उतरतो, नवीन इलेक्ट्रॉन भरताना काम थांबतं. त्या वेळात पहिला स्कॅन अथेना या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. पुढे काय मोजायचं ते तिथेच ठरतं, जळगावला येऊन ठरवायला गेलं तर वेळ निघून गेलेली असते.

माझ्या बाबतीत तसंच झालं. रात्री दोनच्या सुमारास 1000 अंशांवर भाजून कण मोठे केलेल्या नमुन्याचा आलेख आणि न भाजलेल्याचा आलेख एकावर एक ठेवले. भाजलेल्यात जस्ताचे धातू-शेजारी साडेतीन अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), जिथे असायला हवेत तिथे. न भाजलेल्यात त्याच्या अलीकडे, तीनच्या जवळ, एक छोटा उंचवटा होता. सहाच्या घरात गेलेलं जस्त तिथे दिसत होतं. मी उरलेल्या वेळात तोच नमुना आणखी चार वेळा मोजला.