दुसऱ्यांदा रिफ्लक्सचं ऑपरेशन, रोबोटने: जाण्याआधीची तयारी

रिफ्लक्स म्हणजे जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येणं. त्याच्या पहिल्या ऑपरेशनची ऑपरेशन नोट, म्हणजे आत नेमकं काय केलं याची नोंद, मिळवा. डिस्चार्ज कार्ड नव्हे, ऑपरेशन नोट. मी डिस्चार्ज कार्ड घेऊन गेलो होतो. त्यावर ऑपरेशनबद्दल एकच ओळ होती, 'लॅप. फंडोप्लिकेशन केले', म्हणजे दुर्बिणीतून जठर अन्ननलिकेभोवती गुंडाळलं, एवढंच. सर्जनने विचारलं, रॅप, म्हणजे ती गुंडाळी, पूर्ण होता की अर्धवट? जाळी बसवली होती का? जठराच्या वरच्या बाजूच्या लहान रक्तवाहिन्या कापल्या होत्या का? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. जवळपास ठरलेली तारीख दीड महिना पुढे गेली आणि तो दीड महिना मी रात्री उशांना टेकून, बसल्या बसल्या काढला.

एवढं महत्त्व का, ते सांगतो. पहिल्या वेळी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळलेला असतो, तोच रॅप. निसेन म्हणजे पूर्ण 360 अंश, तूपे म्हणजे मागून 270. दुसऱ्या वेळी आधी तो रॅप सोडवावा लागतो. तोवर सगळं यकृताला, मध्यपटलाला चिकटलेलं असतं, आणि अन्ननलिकेला लागूनच व्हेगस हा मज्जातंतू जातो. जाळी असेल तर चिकटलेला भाग आणखी घट्ट. आत काय सापडणार हे सर्जनला आधी कळलेलं बरं की पोटात दुर्बीण घातल्यावर? जुन्या रुग्णालयात लेखी अर्ज द्या, ओळखपत्राची प्रत जोडा आणि पाठपुरावा करा. जुन्या नोंदी शोधायला वेळ लागतो, म्हणून आजच अर्ज द्या.

तपासण्या. एंडोस्कोपी होणारच. बेरियम गिळून काढलेले एक्स-रे टाळू नका. रॅप सरकून छातीत गेलाय का, हे त्यात दिसतं. माझा गेला होता. पडद्यावर मध्यपटलाच्या वर पांढरा फुगवटा मलाही ओळखू आला. मॅनोमेट्रीत, म्हणजे अन्ननलिकेचा जोर मोजताना, नाकातून बारीक नळी घालून पाण्याचे घोट घ्यायला लावतात. त्रासदायक आहे, पण करा. अन्ननलिकेचा जोर कमी असेल आणि पुन्हा पूर्ण रॅप घातला, तर घास अडकायला लागतो. अन्ननलिकेत किती आम्ल येतं हे मोजणाऱ्या 24 तासांच्या पीएच तपासणीआधी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या बहुधा 7 दिवस बंद ठेवायला सांगतात. डॉक्टरांना विचारूनच बंद करा. पोट फुगणं, उलट्या असतील तर जठर रिकामं व्हायला किती वेळ लागतो, तीही तपासणी मागा.

रोबोटसाठी तुम्हाला वेगळी तयारी लागत नाही. तो स्वतः काही करत नाही. सर्जन कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतात. त्रिमितीय चित्र आणि मनगटासारखी वळणारी अवजारं यांचा चिकटलेले भाग सोडवताना उपयोग होतो. म्हणून 'रोबोटने किती केली' यापेक्षा 'दुसऱ्यांदाची किती केली' हे विचारा. पोट उघडावं लागलं तर काय, अन्ननलिका आखूड निघाली तर काय, रॅप पुन्हा टिकणारच नसेल तर रू-एन-वाय बायपास (जठराचा छोटा भाग ठेवून तो थेट लहान आतड्याला जोडणं) करायचा का, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा. आणि नोट? अर्ज देऊन आठवडा झाला असेल तर पुन्हा फोन करा.

औषधांची यादी कागदावर लिहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधं, वजन कमी करण्याची इंजेक्शनं, सगळं. या इंजेक्शनांमुळे जठर सावकाश रिकामं होतं, त्यामुळे भूलतज्ज्ञांना ती माहीत असलीच पाहिजेत. सिगारेट बंद. उपाशी कधीपासून राहायचं ते रुग्णालय सांगेल.

नंतरचं थोडक्यात. आधी पातळ, मग काही आठवडे मऊ अन्न. गॅसची पेयं नाहीत, जड उचलणं नाही. गोळ्या कुटून चालतील की पातळ औषध हवं, ते आधीच विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात. मळमळ वाटली की लगेच सांगा. उबळीने नवे टाके सुटू शकतात. ताप, छातीत दुखणं, थुंकीही गिळता न येणं यांपैकी काहीही झालं तर तडक रुग्णालय.

घरी सोडण्याच्या दिवशी या वेळची ऑपरेशन नोट मागून घ्या. नोट, कार्ड नव्हे. हातात आल्याशिवाय निघू नका, आणि तिथेच फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा.